समासात लिहू नये

मी उत्तरसूची बोलतेय. चौथीच्या गणिताची, मागच्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेची. आणि सगळ्यात आधी एक सांगून टाकते, नाहीतर इकडच्या तिकडच्या गप्पांत पुन्हा राहून जाईल: माझं सातवं उत्तर चुकलंय.

आता म्हणाल, एवढंच ना? एवढंच. पण एवढंच कुणाला सांगता येईना म्हणून सहा महिने माझ्या जिवाची काय तगमग झाली ते माझं मला माहीत. टाचणीला लटकून राहायचं, लोकांनी माझ्यावर बोट ठेवून माना डोलवायच्या, आणि आपण खोटं बोलतोय हे आपल्याला पक्कं ठाऊक असायचं. असं जिणं शत्रूलाही नको.

तशी मी साधीच. एक फुलस्केप कागद, निळ्या रेघा, डाव्या बाजूला लाल समास. माझ्यासारखे शंभर कागद त्या गठ्ठ्यात होते. कुणाच्या नशिबी रजेचे अर्ज आले, कुणाच्या नशिबी सहलीची यादी. मला मात्र मान मिळाला. त्याला कारण झालं आदल्या वर्षीचं भांडण. एकच उत्तर, त्यात चूकही एकच. 'अ' तुकडीत त्याला दीड गुण आणि 'ब' तुकडीत भोपळा. दोन सख्ख्या चुलतभावंडांनी घरी पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही आया शाळेत हजर.

तेव्हापासून मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, फर्मान काढलं. "तिन्ही तुकड्यांना एकच सूची. आणि एका प्रश्नाचे सगळे पेपर एकाच माणसाने तपासायचे. सूचीत आहे ते बरोबर, नाही ते चूक. कुणीही आपलं डोकं चालवायचं नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं गेलं.

मला जन्म दिला दोघींनी. उत्तरं काढली अर्ध्या बाईंनी. हे नाव पोरांनी ठेवलेलं. एकक लिहायचं राहिलं की अर्धा गुण, रेघ वाकडी आली की अर्धा गुण, असं कापत जायच्या म्हणून. बाकी बाई चांगल्या अख्ख्या होत्या. तीस वर्षं गणित शिकवलेलं, निवृत्तीला दोन महिने उरलेले. चुकतील तर शपथ. आणि लिहायला बसल्या नव्या बाई. त्यांना नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण अक्षर असं की बघत राहावं.

अर्ध्या बाई डोळे मिटून उत्तरं सांगत होत्या, नव्या बाई लिहीत होत्या. सहा उत्तरं सुरळीत झाली. सातवा प्रश्न होता: मैदानावर १५२ मुले होती, ७३ घरी गेली, किती उरली? अर्ध्या बाई म्हणाल्या, "एकोणऐंशी." नेमके त्याच वेळी शिपाईकाका सहीचं रजिस्टर घेऊन आले. "बाई, तेवढी सही." नव्या बाईंनी डाव्या हाताने रजिस्टर ओढलं, तोंडाने पुटपुटल्या, "एकोण... ऐंशी... ऐंशी," आणि माझ्या अंगावर आठ लिहिला. मग त्याच्या पुढे नऊ.

८९.

आपल्या भाषेतली ही एकोणांची जात मोठी कपटी. बोलताना ऐंशी म्हणायचं आणि लिहिताना सात काढायचा. लहान पोरं यात हमखास फसतात. मोठी माणसंही फसतात, पण त्यांना कुणी वही पुढे करायला लावत नाही. सूची लिहून झाली की वाचून दाखवायची असं ठरलं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि दोघीही तासाला पळाल्या. वाचून दाखवायचं राहिलं ते राहिलंच.

एरवी ही चूक तासाभरात पकडली गेली असती. पण माझं दुर्दैव बघा. हातच्याची वजाबाकी करताना पोरं शेजारच्या दशकाकडून एक घेतात आणि दशकातला एक कमी करायला विसरतात. बारातून तीन गेले नऊ, पंधरातून सात गेले आठ. झाले एकोणनव्वद! म्हणजे जी चूक बहुतेक सगळी चौथी करते, तीच बरोबर उत्तर म्हणून माझ्या अंगावर सुवाच्य अक्षरात बसली होती. त्यामुळे ८९ बघून कुणालाच काही खटकलं नाही.

एकशे अठरा पेपर. सातवा प्रश्न तिन्ही तुकड्यांचा नव्या बाईंकडे. डावं बोट माझ्या सातव्या ओळीवर, उजव्या हातात लाल पेन. बाई मन लावून तपासत होत्या हो, मी त्यांना दोष देत नाही. कुणाचा पेपर आहे ते कळू नये म्हणून वरचं नावाचं पान दुमडून ठेवायच्या. चहा घेऊन आल्या की आधीचे दोन पेपर पुन्हा बघायच्या, आपला हात सैल तर नाही पडला म्हणून. सगळ्यांना सारखा न्याय द्यायचा हे त्यांनी डोक्यात घेतलं होतं. आणि दिला की! सगळ्यांना अगदी सारखाच चुकीचा दिला.

बरोबर उत्तर लिहिणारी मोजून अकरा निघाली. अकराही वेळा मी जीव तोडून ओरडले. दहा पेपरांवर पेन थांबलंसुद्धा नाही.

अकरावा पेपर खोडरबरचा.

ही 'ब' तुकडीतली मुलगी. एकेक आकडा चार चार वेळा खोडायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. गणित तिला जड जायचं, पण हट्ट दांडगा. प्रत्येक वजाबाकी झाली की तिचा ताळा करायची. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून. तर तिने ७९ लिहिले होते आणि शेजारी समासात बारीक आकड्यांत ताळा केला होता: ७९ आणि ७३, १५२.

नव्या बाईंचं पेन थांबलं.

मी काय सांगू तुम्हाला! माझ्या अंगावरची रेघ न् रेघ ताठ झाली. बघा बाई, बघा. बेरीज करा, दोन आकड्यांची बेरीज, पहिलीतलं पोर करेल. बाईंनी ताळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा ताळ्याकडे. "अर्ध्या बाई कशाला चुकतील," असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि काट मारली. वर ताळ्याभोवती गोल करून सुंदर अक्षरात शेरा लिहिला: समासात लिहू नये.

खोडरबरला चाळीसपैकी तेरा गुण पडले. पास व्हायला चौदा लागायचे. सातव्या प्रश्नाचे दोन गुण मिळते तर पंधरा झाले असते.

पेपर दाखवायच्या तासाला बाई मला वर्गात घेऊन गेल्या. मुलांनी गुण बघितले, एकमेकांचे बघितले, आणि पेपर खाली ठेवले. प्रश्न कोण बघतो? बाकीच्या दहा जणांचं दोन गुणांनी काही अडत नव्हतं. एकटी खोडरबर उठून टेबलापाशी आली.

"बाई, ताळा जुळतोय."

"बघू." बाईंनी पेपर घेतलाही होता. पण मागून दोघांची मारामारी सुरू झाली, तिकडे ओरडून होईपर्यंत त्यांचं बोट सवयीने माझ्या सातव्या ओळीवर गेलं. "नाही गं, हे बघ, एकोणनव्वद आहे. सूचीत दिलंय. नीट करून बघ."

ती जागेवर गेली आणि नीट करून बघू लागली. मी टेबलावरून बघत होते. पहिल्यांदा ७९ आले, खोडले. पुन्हा ७९, पुन्हा खोडले. कागदाला भोक पडलं तेव्हा तिने वहीचं दुसरं पान घेतलं. तास संपता संपता तिला सापडलं. दशकातला एक कमीच करायचा नाही, की बरोबर ८९ येतात. इतकी हरखली ती! मी आजवर कुणाला काही शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा शिकवलं ते हे.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. ओढणीला दोरे चिकटलेले तशीच आली होती. "किती कमी पडले हिला?"

"एक," नव्या बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"एक?" आईने लेकीकडे बघितलं. "एका गुणासाठी गेलीस गं. आता धाकटीबरोबर बसशील होय? एका बाकावर?"

मला पुन्हा शिक्षकांच्या खोलीत टाचलं होतं, तिथल्या भिंतीवरून मी बघत होते. वाऱ्याने माझी एक टाचणी निघाली होती. वाटलं, दुसरीही निघावी, मी त्या बाईच्या पायाशी जाऊन पडावं, आणि तिने मला उचलून हिशोब करून बघावं. बटणांची चार भोकं मोजणारी बाई, तिला एका क्षणात कळलं असतं. दुसरी टाचणी निघाली नाही. संध्याकाळी शिपाईकाकांनी मला काढून जुन्या परीक्षांच्या फाइलीत लावलं.

फाइलीत सहा महिने काढले. वर कार्यानुभवाचे कागद, खाली कसलीशी परिपत्रकं. अर्ध्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या निरोपाची भाषणं मी कपाटातून ऐकली. सगळे म्हणाले, बाई कधी चुकल्या नाहीत. खरंच होतं ते. त्या बरोबरच बोलल्या होत्या.

मग काल चौथीची सहामाही तपासायला सुरुवात झाली. नवी सूची, तेच नियम, त्याच नव्या बाई. प्रश्न होता १३४ वजा ५८. बाईंनी एका पेपरावर काट मारली आणि थांबल्या. अक्षर ओळखीचं, खोडाखोड ओळखीची. उत्तर ८६. समास मात्र कोरा करकरीत.

आज मधल्या सुट्टीत त्यांनी खोडरबरला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"हे काय केलंस? दशकाकडून एक घेतलास, मग त्यातला एक कमी कोण करणार?"

"कमी नाही करायचा, बाई."

"कुणी शिकवलं तुला असं?"

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही."

बाई हसल्या. थट्टा वाटली त्यांना. "बरं, आणि ताळा? मागे तू ताळा करायचीस की."

"ताळा केला की चुकतं. मागच्या वर्षी मी केला होता. मैदानातली मुलं. ताळा जुळला, आणि चूक आलं." मग भीत भीत, "आणि समासात लिहायचं नसतं."

बाईंचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्या उठल्या, कपाट उघडलं, फाइलीतून कागद उपसत उपसत माझ्यापर्यंत आल्या. माझ्या खालच्या कोऱ्या जागेत त्यांनी वजाबाकी केली. एकोणऐंशी. पुन्हा केली. तिसऱ्यांदा बोटांवर केली. मग माझ्या सातव्या ओळीकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं, ते सुंदर अक्षर.

रडतील असं वाटलं मला. रडल्या नाहीत. लाल पेन मुलीच्या हातात दिलं आणि मला तिच्यापुढे सरकवलं.

"हा पेपर तू तपास. सातवं बघ."

लाल पेन तिने आयुष्यात पहिल्यांदा धरलं असेल. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "समासात लिहू?"

"लिही."

तिने माझ्या समासात बारीक आकड्यांत ताळा केला. ८९ आणि ७३, १६२. जुळला नाही. खाली दुसरा: ७९ आणि ७३, १५२. मग माझ्या ८९ वर हळूच काट मारली, माझ्याकडून माफी मागितल्यासारखी. इतके महिने जिची वाट बघितली ती ही काट. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. पण ते क्षणभरच. कारण मान वर करून तिने विचारलं, "किती गुण कापू, बाई?"

तेवढ्यात घंटा झाली. खोडरबर पेन ठेवून वर्गात गेली, धाकट्या बहिणीच्या बाकावर.

आणि आत्ता मी मोठ्या सरांच्या टेबलावर आहे. बाई समोर उभ्या आहेत, बसायला सांगितलं तरी बसत नाहीत. "तिला पाचवीत बसवा," एवढंच म्हणतायत. मोठे सर कपाळ चोळतायत. "बाई, सहा महिने होऊन गेले. एकशे अठरा पेपर. ज्यांना ८९ ला गुण दिले त्यांचं काय करायचं? त्यांनाही खाली आणू? पेपर रद्दीत गेले, निकाल वर गेला. आता हा एक कागद राहिलाय." त्यांनी मला उचललं. "फाडून टाका हा. तुमच्याच अक्षरात आहे, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

बाई हलत नाहीत. माझं एक टोक सरांच्या चिमटीत आहे.

सर, मी हात जोडते, मला हात असते तर. फाडायचं तर फाडा, चुकीच्या कागदाला जगायची हौस नाही. पण माझ्या समासातले ते बारीक आकडे सोडले, तर ती पोर बरोबर होती हे सांगणारं या शाळेत दुसरं काही उरलेलं नाही. म्हणून फाडायच्या आधी एकच करा. तिला इथे बोलवा, आणि तिने जे विचारलंय त्याचं उत्तर तिच्या तोंडावर सांगा. किती गुण कापायचे, आणि कुणाचे.