ओसमोनकुलच्या पायांवरचे डाग

आमचा शेजारी ओसमोनकुल एके काळी आमच्या नारिन भागातला नावाजलेला पैलवान. आता साठी उलटलेली, पण मान बैलासारखीच. बायको बुरुलकान त्याच्या खांद्यालाही लागत नाही.

शरद ऋतूत त्याच्या पोटात जळजळू लागलं. बसमध्ये कुणीतरी सल्ला दिला, "आंबट आणि कच्चं बंद करा." डॉक्टरचं कधी न ऐकणाऱ्या ओसमोनकुलनं हे मात्र लगेच मनावर घेतलं, कारण भाजीपाल्याचा त्याला मुळातच तिटकारा. कांदा, कोबी, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस, बटाटासुद्धा बंद. उरलं काय? उकडलेलं सुकं मांस, रोटी आणि दुधाचा चहा.

"अहो, थोडा कोबी तरी घ्या," बुरुलकान म्हणायची.

"गवत मेंढी खाते, आणि मेंढी मी खातो. पोचलं की गवत माझ्यापर्यंत!"

हिवाळा सरत आला तेव्हा सार्वजनिक हमामात, गरम पाण्याच्या न्हाणीघरात, पुरुषांनी त्याच्या मांड्या-पोटऱ्या पाहिल्या. जांभळे-काळे डाग, जणू कुणी लाटण्यानं बडवलंय. कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "बर्फात पडलो." पुढच्या खेपेला डाग वाढलेले. म्हणाला, "घोड्यानं लाथ मारली." घोडा तर त्यानं उन्हाळ्यातच विकला होता.

मग काय, गावभर कुजबुज. बायका विहिरीवर बुरुलकानला वाट करून देऊ लागल्या. दुकानदार तिला माल तोलल्यावर वर चिमूटभर जास्तच देऊ लागला. तिला कारण कळेना.

शेवटी गावातले वडीलधारे कालमुरझाआजोबा घरी आले. मीही तिथेच चहा ओतत होते. आजोबा घसा खाकरून म्हणाले, "सूनबाई, नवऱ्याचं काही चुकलं तर आम्हाला सांग. हात नको उचलूस."

बुरुलकान आधी हसली. मग आजोबा गंभीर आहेत हे पाहून तिचा चेहरा उतरला. ओसमोनकुल भडकला, "मला? ही मारणार?" तेवढ्यात त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं. ती टॉवेल घेऊन पुसायला गेली. हिरड्या इतक्या दुखत होत्या की तिचा हात दिसताच तो अंग चोरून मागे सरकला.

आजोबांनी उसासा सोडला. त्यांना आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी बुरुलकाननं त्याला धरून शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चोल्पोनाय म्हणून तरणी मुलगी. तिनं आधी बुरुलकानलाच बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "काका, घरात कुणी त्रास देतं का?"

"तुम्हीसुद्धा!" ओसमोनकुल ओरडला.

मग तिनं नीट पाहिलं. पायाच्या केसांच्या मुळाशी लाल ठिपके, केस नागमोडी वळलेले, हिरड्या सुजलेल्या. काय खाता ते विचारलं. ऐकून ती थक्कच झाली. "काका, व्हिटॅमिन सी संपलंय अंगातलं. त्यानं बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, कातडीखाली आपोआप रक्त झिरपतं. गोळ्या घ्या. आणि कच्चा कोबी, लिंबू खा."

परतीच्या गाडीत तो बायकोला म्हणाला, "माझा भाऊ रक्ताच्या कॅन्सरनं गेला. त्यालाही असेच डाग आले होते. मला वाटलं, माझीही पाळी आली. म्हणून बोललो नाही."

"आणि मी? गावभर माझ्या हातात लाटणं दिलंत तुम्ही," बुरुलकान म्हणाली, आणि मग त्याचा हात हातात घेऊन बसली. हे तिनंच मला सांगितलं.

थोड्याच दिवसांत हिरड्या भरल्या, महिन्याभरात डाग पिवळे पडून विरले. ओसमोनकुल रोज कोबी चावायचा, कोर्टात उभं केल्यासारखा.

हमामात त्यानं सगळ्यांना खरं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोबी न खाल्ल्यानं पैलवान जांभळा पडला म्हणे," कुणीतरी म्हणालं. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, बाळा. तिनं सोडलं ना आता? झालं तर मग."

परवा कालमुरझाआजोबांची धाकटी सूनच बुरुलकानकडे आली. दार लावून घेत म्हणाली, "काकू, माझा नवरा काही केल्या ऐकत नाही. मला जरा शिकवा ना."

बुरुलकाननं तिला बसवलं, चहा दिला आणि कोबी चिरायला घेतला.