सरळ रांगेतले टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. साधेसुधे मात्र समजू नका. माझ्या पायाजवळ एक हँडल आहे. ते फिरवले की मी वर जाते, उलटे फिरवले की खाली येते. कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला वर-खाली करून पाहिले आणि "छान चालतंय" म्हणाल्या. आयुष्यात तेवढेच काय ते कौतुक.

मग मी औषधांच्या गोदामात पॅकिंगच्या कामाला आले. सुपरवायझरसाहेबांना सरळ रांगेचे भारी वेड. दोरी धरून त्यांनी आम्हा सगळ्या टेबलांना एका उंचीवर आणले आणि बजावले, "हँडलला कुणी हात लावला तर थेट घरी."

माझ्यापाशी काम करणारी बाई इतकी उंच, की सगळे तिला शिडी म्हणत. ती दिवसभर माझ्यावर वाकून खोकी बांधायची. शेजारच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ. ती एवढीशी, म्हणून पालथ्या क्रेटवर चढून काम करायची. एक वाकतेय, एक चढतेय, आणि आम्ही टेबले हँडल असून ढिम्म उभी. कपाळावर हात मारून घ्यावा म्हटले, तर मला कपाळ नाही.

शिडीची पाठ धरू लागली. घर तिच्यावरच चालायचे, त्यामुळे ती रजाही घेईना.

"साहेब, टेबल जरा वर करा ना."

"तुझं एकटीचं वर केलं तर रांग वाकडी दिसेल. पाठीला पट्टा बांध."

तिने पट्टा बांधला. एका दुपारी खोके उचलायला वाकली, ती सरळ होईचना. "ताई, माझ्या खांद्यावर भार टाका," म्हणत जावेने तिला बाहेर नेले. डॉक्टरांनी सांगितले, हे काम आता कायमचे बंद. मला असा संताप आला म्हणून सांगू!

तेव्हा कुठे साहेब हलले. त्यांनी मला वर केले आणि रांग बिघडू नये म्हणून बाकीच्यांनाही वर केले. आता मी शिडीच्या अगदी मापाचे आहे, आणि शिडी घरी पडून आहे. तिचे काम जावेच्या गळ्यात पडले. ती क्रेटवर क्रेट चढवून माझ्यापाशी उभी राहते. काल तिचा पाय घसरला. माझी कड हाती लागली म्हणून वाचली.

"सांभाळून गं," म्हणत साहेब रांग बघत पुढे गेले.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुठे साहेब झालात, तर आधी टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. आणि आज कुणी इकडे येणार असाल तर जरा लवकर या. ती पुन्हा क्रेटवर चढते आहे.