घंटेवाला थांबला

"बिरूभाऊ, इकडं या, पंख्याखाली बसा! ए स्वराज, ऊठ की, खुर्ची दे त्यांना!"

धम्मरत्न एवढ्या मोठ्यानं ओरडला की पार्लरमधल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात बिरू उभा होता, उजवा हात पॅंटच्या खिशात खुपसून. सगळे एकदम उठले. कुणी खुर्ची झटकली, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. गेम मात्र कुणी थांबवले नव्हते, त्यामुळे इकडे बिरूची सरबराई चाललेली असताना तिकडे स्क्रीनवर चार-पाच निंजे बेवारस मरून पडले.

"मी काय आजोबा झालोय का रे?" बिरू हसत म्हणाला. हसू काही धड जमलं नाही.

या जागेत आजवर त्याच्यासाठी कुणी खुर्ची सोडली नव्हती. खुर्चीसाठी भांडावं लागे, एकमेकांची आई-माई निघे, आणि त्यातच तर अर्धी मजा होती. आता तो मुकाट्यानं पंख्याखाली बसला आणि नवऱ्या मुलासारखा सगळीकडे बघत राहिला.

काळेवाडीत पिठाच्या गिरणीवर धम्मरत्नचं हे गेमिंग पार्लर आहे. धम्मरत्न लातूरकडचा. रविवारी त्याच्याकडे शाळेतली पोरं येतात, पण खरी गर्दी गुरुवारी, कारण इकडच्या बहुतेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. वेल्डर, फिटर, पेंट शॉपवाले, सगळे दुपारचं जेवण झालं की जिना चढून वर येतात. आणि येतात ते एकाच गेमसाठी. त्याचं नाव लांबलचक आहे, अर्धं जपानी, ते उच्चारायच्या फंदात कुणी पडत नाही. सगळे त्याला नुसतं 'निंजा' म्हणतात.

हा गेम म्हणजे नुसता छळवाद. पहिल्या अर्ध्या तासात नवख्याच्या नाकी नऊ येतात. त्यात मध्येच एक मोडका झुलता पूल लागतो आणि पुलावर उभा असतो घंटेवाला. हा एवढा धिप्पाड साधू, खांद्यावर देवळातली असावी तशी पितळी घंटा. ती फिरवून तो हाणतो. नेमक्या क्षणी तलवार आडवी धरली तर वाचलात, नाहीतर खाली दरी आहेच. कितीतरी जणांनी त्या पुलावर रिमोट आपटून गेम सोडलाय.

तर गुरुवारी चहा आला की इथं 'मतं' होत. गेम कसा आहे, कुठं गंडलाय, कुठं आपल्याला उगाच मारतो, यावर प्रत्येकानं बोलायचं. ही पद्धत कुणी पाडली ते आठवत नाही, पण तिचा नियम बिरूनं घातला होता. ज्यानं नॉर्मल मोडवर घंटेवाला पाडला नाही, त्याला मत नाही. त्यानं भिंतीकडच्या बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. इझी मोडवर पाडला असेल तर त्यानं चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायचा.

आता तुम्ही म्हणाल, गेमच्या मताचं एवढं काय घेऊन बसलात? तर त्याचं असं आहे की बिरूला जन्मात कुणी मत विचारलं नव्हतं. जतकडच्या त्याच्या गावात सगळं थोरला भाऊ ठरवी. शाळा कधी सोडायची ते त्यानं ठरवलं, लग्न कुणाशी ते मामानं. चाकणच्या कंपनीत तर तोंड उघडलं की सुपरवायझर म्हणे, "तुला विचारलं का?" इथं मात्र धम्मरत्न चहा ओतता ओतता थांबायचा आणि सांगायचा, "गप बसा रे, बिरूभाऊ बोलायलेत." आणि अख्खी खोली खरोखर गप्प व्हायची. इंजिनिअरिंगला असलेला स्वराज कान देऊन ऐकायचा. बिरूचं एक मत तर सगळ्यांना पाठ होतं: "गेम अवघड हाय, पर लबाड न्हाई. सगळ्यांस्नी सारखाच मारतोय." हे बोलताना तो असा काही ताठ बसे की बायकोनं, कस्तुरानं, ते एकदा बघावं असं त्याला फार वाटायचं.

मग कंपनीत ते पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचं झालं. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर होता, पण तो माशी बसली तरी मशीन थांबवायचा आणि टार्गेट बोंबलायचं. म्हणून शिफ्टमधल्या सगळ्यांनी मिळून त्याचं तोंड वळवून ठेवलं होतं. साहेबांना ठाऊक होतं, कुणी काही म्हणत नव्हतं. बिरूच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली.

कंपनीनं नोकरी ठेवली. स्टोअरच्या दाराशी खुर्ची दिली. तिथं तो खोका उचलायला वाकला की कुणीतरी धावत येई. "तू बस रे बाबा, आराम कर." घरी कस्तुरा भाकरी कुस्करून, त्यावर कालवण ओतून ताट पुढे ठेवी, डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत. सगळी माणसं चांगली होती, कुणाला बोल लावणार? पण तीन महिन्यांत कुणी त्याच्याशी भांडलं नव्हतं, आणि या चांगुलपणानं बिरूचा जीव घुसमटत चालला होता.

त्यातच निंजाचा दुसरा भाग आला. पार्लरच्या ग्रुपवर मतांचा नुसता पाऊस पडला. त्यात घंटेवाला परत आलाय म्हणे, आणि आता तो आंधळा आहे. मिनलनं लिहिलं होतं, "डोळे गेले तरी मेला आधीपेक्षा जास्त मारतोय." मिनल वायरिंगच्या लाइनवर काम करणारी पोरगी. तिला बिरूनं वर्षभर बाकड्यावर बसवलं होतं. ती आता दुसऱ्या भागावर मत देत होती आणि बिरू स्टोअरच्या दाराशी बसून वाचत होता! त्याच दिवशी त्यानं ठरवलं, येत्या गुरुवारी जायचं. नवा भाग म्हणजे नियमही पुन्हा पहिल्यापासून: घंटेवाला पाडायचा आणि मत द्यायचं.

"धम्मा, दुसरा भाग लाव," बिरू म्हणाला. "नॉर्मलवर."

आणि त्यानं हात खिशातून बाहेर काढला. खोलीत कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

रिमोटच्या वरच्या कडेला उजवीकडे दोन बटणं असतात, एक वाराचं, एक बचावाचं. ती नेमकी त्याच दोन बोटांची. धम्मरत्ननं सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही डावीकडे घेतली.

"हे चालतंय का पण नियमात?" बिरूनं विचारलं.

"का नाही चालणार?" मिनल म्हणाली. "डावखुऱ्याला काय आपण उजव्या हातानं जेव म्हणतो का?"

बिरूनं खेळायला घेतलं. डाव्या हाताला एकदम चार कामं आली आणि तो बावचळून गेला. पुलापर्यंत पोचतानाच बिरूला घाम फुटला. पुलावर आंधळा साधू कान टवकारून उभा होता. पाऊल वाजलं की घंटा आलीच. पहिल्या फटक्यात निंजा दरीत. परत. परत दरीत. पण हळूहळू बिरूला त्याची चाल कळत गेली. घंटा एकदा डावीकडून येते, एकदा उजवीकडून, आणि मग मुळीच न थांबता थेट डोक्यावर. वार करायला तो सवड अशी देतच नाही, ती आपण त्याचे घाव तलवारीवर झेलून मिळवायची.

कळत होतं सगळं. फक्त बोटांना कळत नव्हतं.

"एकदम भारी, भाऊ!"

"आता थोडक्यात गेला, राव!"

"पहिल्याच दिवशी एवढं म्हणजे लई झालं, बिरूभाऊ."

निंजा पुलावर दोन पावलंही टिकला नव्हता आणि हे म्हणत होते थोडक्यात गेला. बिरूचं डोकं भणभणलं. तो रिमोट ठेवून तोंडावर पाणी मारायला बाहेर गेला.

तो परत आला तेव्हा खोली जरा जास्तच शांत होती. त्याच्या ते लक्षात आलं नाही. त्यानं रिमोट घेतला, पूल चढला, डावीकडचा वार झेलला, उजवीकडचा झेलला. तिसरा चुकला, पण निंजा मेला नाही. बिरूला हुरूप आला. त्यानं तलवार चालवली, एकदा, दोनदा, आणि घंटेवाला गुडघ्यावर आला. आणखी एक घाव, आणि घंटेसकट साधू दरीत!

काय तो गलका! स्वराजनं शिट्टी मारली, धम्मरत्ननं बिरूला मागून मिठी घातली. "आला, आपला वाघ परत आला!" मिनल तेवढी हाताची घडी घालून जिन्याकडे बघत होती.

बिरूही हसत होता. हसता हसता तो थांबला.

"त्यो थांबला," तो म्हणाला.

"कोण, भाऊ?"

"घंटेवाला. उजवीकडचा वार झाल्यावर त्यो थांबला. माझी वाट बघत उभा ऱ्हायला." त्यानं रिमोट मांडीवर ठेवला. "त्यो कधी थांबत न्हाई. इझीवर टाकलंस का रे, स्वराज?"

स्वराजचा चेहरा पडला. "भाऊ, तसं नाही... म्हणजे आम्हाला वाटलं, तुम्हाला जरा बरं वाटेल. एवढ्या दिवसांनी आलात..."

"मीच म्हनलं त्याला," धम्मरत्न मध्ये पडला. "माझी चूक हाय, भाऊ. तुमी त्याला बोलू नका."

बिरूला वाटलं आता आपण ओरडणार. पण आवाज निघाला तो रडवेला, आणि त्याची त्याला लाज वाटली, तरी तो बोलत राहिला.

"कंपनीत समदे असंच करत्यात. खोकं उचलू देत न्हाईत. घरात भाकरीसुदीक कुस्करून मिळती. मी म्हनलं, एक जागा हाय, तितं जाऊ. तितं कोन कुनाची गय करत न्हाई." त्यानं नाक पुसलं. "अरे, प्रेसवर एकदा चुकलो ते चुकलो, बोटं काय परत येनार हाईत? हितं मेलो तर पुलाच्या अलीकडनं परत सुरू हुतंय. मग हितं तरी मला नीट मरू द्या की रे!"

स्वराजनं खाली मान घालून रिमोट उचलला, गेम पुन्हा नॉर्मलवर टाकला आणि रिमोट परत बिरूच्या मांडीवर ठेवला.

मग बिरू मरत सुटला. डावीकडच्या वारानं मेला, उजवीकडच्या वारानं मेला, दोन्ही झेलून तिसऱ्यानं मेला. कुणी 'भारी' म्हटलं नाही. एकदा तर घंटा यायच्या आधीच, घाईत भलतं बटण दाबून त्याच्या निंजानं आपण होऊन दरीत उडी टाकली.

मिनल फिस्सकन हसली. "अहो, त्याला मारायची संधी तरी द्या!"

सगळे चपापले. बिरूनं वळून तिच्याकडे बघितलं आणि त्यालाही हसू फुटलं, पोट धरून हसला तो. मग सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, घंटेवाल्याला चुकल्या-चुकल्यासारखं झालं असेल," आणि बिरूनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली. ती ऐकून धम्मरत्नचा जीव भांड्यात पडला.

चहा येईपर्यंत घंटेवाला काही पडला नाही. धम्मरत्ननं पेले भरले आणि सवयीनं थांबला.

"बिरूभाऊ, तुमीच करा सुरू. आज ऱ्हाऊ द्या तो नियम."

"राहू द्या म्हणजे?" मिनल म्हणाली. "घंटेवाला पडलाय का त्यांचा? नाही ना? मग त्यांना मत नाही." तिनं बाकड्याकडे मान उडवली. "मला वर्षभर बाकड्यावर बसवलं होतं यांनी. एकदा मी दोन शब्द बोलले तर म्हणे, चहा गार होतोय, पी."

धम्मरत्न तिला डोळ्यांनी दटावू लागला. बिरू मात्र उठला. पेला घेतला, पंख्याखालची खुर्ची पायानं स्वराजकडे सरकवली आणि भिंतीकडे गेला. बाकड्यावर पेंट शॉपमधला एक नवा माणूस बसला होता, तो सरकला. बिरू त्याच्या शेजारी टेकला. त्याला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगावं.

स्वराजनं सुरुवात केली. घंटेवाल्याला आंधळा करून गेमवाल्या कंपनीनं चूक केली, त्यामुळे तो सोपा झाला, असं काहीतरी. ऐकून बिरूच्या जिभेला खाज सुटली. किती चुकीचं बोलत होता हा पोरगा! पायाच्या आवाजाचं याच्या लक्षातच आलेलं नव्हतं. बिरूनं चहाचा मोठा घोट घेतला आणि दात आवळून बसला.

"ओ भाऊ," शेजारचा नवा माणूस त्याच्या कानाशी लागला, "तुम्ही तर केवढं खेळलात. तुम्हाला काय वाटतं? खरंच सोपा आहे का तो?"

गप्प बस म्हणून सांगायला बिरूनं हात ओठांशी नेला. ओठांवर धरायचं बोट तिथं नव्हतं. त्यानं करंगळीशेजारचं बोट धरलं. नवा माणूस काय समजायचं ते समजला आणि गप्प बसला.