घट्टे

शनिवारी सकाळी माझ्या डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे निघून गेले आणि घरातल्या झाकणांवर जाऊन बसले.

हे कळलं चहाच्या वेळी. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, साखरेचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या आणि झाकण काही फिरत नव्हतं. मी अंगठ्याने डाव्या बोटांची टोकं चाचपली, रोज उठल्यावर चाचपते तशी. तिथे काही नव्हतं. कातडी भिजवून सोललेल्या बदामासारखी मऊ लागली.

"गेले," मी म्हणाले.

"कोण?"

मी झाकणाकडे बोट दाखवलं. त्याच्या कडेला पिवळसर, कडक कातडं आलं होतं. ते माझ्या तर्जनीवरचं होतं. मधोमध तारेची खाच होती, ती मी लगेच ओळखली.

अक्कांनी डबा खाली ठेवला. "संध्याकाळी तुझा कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या.

मी गिटार वाजवते. गिटार वाजवणाऱ्याला हात सांभाळावे लागतात. माझी डाव्या हाताची नखं बुडापर्यंत कापलेली असतात, उजव्या हाताची वाढवलेली, आणि त्यांच्या कडा मी बारीक पॉलिशपेपरने घासते. वाजवायच्या आधी डावा हात पाण्यात घालत नाही, नाहीतर घट्टे भिजून त्यांची सालपटं निघतात. विळीजवळ जात नाही. जड पिशवी उचलत नाही. थंडीत भर दुपारीही हातमोजे घालते. कडक झाकणं उघडत नाही, कारण त्याने मनगट दुखावतं आणि दुखावलेलं मनगट दोन-दोन महिने रुसून बसतं.

लग्न होऊन कराडला आले तेव्हा अक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं. माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले. "आमच्या बापाने बैलांच्या खुरांनासुद्धा एवढं जपलं नसेल," त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या उचलून आपल्या बाजूच्या फळीवर नेऊन ठेवल्या. तेव्हापासून या घरातलं प्रत्येक झाकण त्यांनी उघडलं आहे. त्यांचे हात रुंद, बोटं आखूड. झाकणावर तळवा ठेवून एकदा मनगट फिरवलं की काम झालं.

आज झालं नाही. चहापत्तीचा डबा उघडला नाही, तेलाचं बूच निघालं नाही. मग नळ बंद झाले. पाणी आत वाहताना ऐकू येत होतं, पण बाहेर येत नव्हतं.

माझा नवरा विश्राम तोंड पुसत बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ घट्ट व्हायला लागले होते. तो मुळातच कमी बोलतो, त्यामुळे आमच्या लवकर लक्षात आलं नाही.

"न्याहारीला काय?" त्याने विचारलं, आणि त्यानंतर त्याला बोलता आलं नाही.

शेजारच्या पोळवहिनी लोणच्याची बरणी घेऊन आल्या. बरणीच्या झाकणावर माझ्या मधल्या बोटाचा घट्टा होता. "अक्का, एवढी उघडून द्या हो," त्या म्हणाल्या. अक्कांनी हात पाठीमागे नेले. "आज नको," त्या म्हणाल्या.

अक्कांनी आजवर कोणाला बरणी परत नेऊ दिली नव्हती. वहिनी गेल्यावर मी त्यांचे हात पुढे ओढले. दोन्ही मनगटांतल्या सोन्याच्या पाटल्या मांसात रुतल्या होत्या. पंजे सुजले होते आणि बोटं वांग्याच्या रंगाची झाली होती.

"कधीपासून?"

"पहाटेपासून. आधी वाटलं, मीच जाड झाले."

साबण लावला. खोबरेल लावलं, माझ्या नखांसाठी ठेवलेलं. वाटीतलं होतं म्हणून मिळालं. पाटली हलली नाही. आम्ही सोनाराकडे गेलो. सोनाराने कात्री दाखवली. कात्री मिटून बसली होती, तिची पाती एकमेकांत शिरली होती. दवाखान्याचं काचेचं दार बंद होतं. आत डॉक्टर आणि पेशंट ओळीने उभे होते आणि बाहेरच्यांकडे बघून हात हलवत होते. आम्हीही हलवले.

परत येताना रस्ता अरुंद झालेला होता. समोरासमोरच्या दुकानांच्या पाट्या एकमेकींना टेकल्या होत्या. माणसं तिरकी होऊन, पोट आत घेऊन चालत होती, आणि ओळखीचं कोणी भेटलं की नाकाला नाक लावून विचारपूस करत होती.

घरी फोन वाजत होता. संध्याकाळचा कार्यक्रम ठरवणारे बाबर सर बोलत होते.

"मॅडम, हॉलचं दार उघडत नाहीये. मी मागच्या खिडकीतून आत आलोय. लोक पण खिडकीतून यायला तयार आहेत. पण माझ्या कॉलरचं बटण लागलंय ते सुटत नाही, मला श्वास अर्धाच येतोय. कार्यक्रम रद्द करायचा का?"

"माझ्या बोटांवर घट्टे नाहीत," मी सांगितलं.

"मग रद्दच," ते म्हणाले. त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं असावं, पण श्वास मात्र अर्धाच आला.

अक्कांनी आपल्या सुजलेल्या बोटांनी फोन माझ्या कानावरून बाजूला केला. "रद्द नाही," त्या फोनमध्ये म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ऋता, घट्टे तुला आले कशाने होते?"

"वाजवून."

"मग वाजव."

"एका दिवसात येत नाहीत, अक्का. आधी बोटं सोलतात. मग फोड येतात, फुटतात, त्यावर परत वाजवायचं. महिने लागतात."

"माझ्याकडे महिने नाहीत," अक्का म्हणाल्या. भाजी काय आणायची ते सांगतात त्याच आवाजात. फक्त हात टेबलावर टेकता येत नव्हते म्हणून त्यांनी ते वर धरले होते.

गिटारच्या पेटीच्या कड्या लागलेल्या होत्या. विश्रामने जोर लावला, काही झालं नाही. अक्कांनी पाट्याचा वरवंटा दोन तळव्यांत धरला आणि एका दणक्यात दोन्ही कड्या उडवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, पुसता येत नव्हतं.

मी एकच सूर वाजवून पाहिला. तार बोटात लोण्यात शिरावी तशी शिरली. साखरेच्या डब्याच्या झाकणावरचं कातडं क्षणभर सैल झालं, आणि पुन्हा बसलं. आम्ही तिघांनी ते पाहिलं.

"घरात वाजवून पुरायचं नाही," अक्का म्हणाल्या. "घट्टे गावभर गेलेत. जिथं गाव बसलंय तिथं वाजव."

आम्ही निघालो. विश्रामने गिटार डोक्यावर उभी धरली, कारण खांद्याला लावली तर ती रस्त्यात मावत नव्हती. अक्का माझ्या पुढे चालत होत्या, हात वर करून, शरण आल्यासारख्या. पण त्या ज्या पद्धतीने चालत होत्या ती शरण येणाऱ्याची नव्हती. लोक भिंतीत शिरून त्यांना वाट देत होते.

मागच्या खिडकीतून आम्ही आत उतरलो. हॉलमध्ये खुर्च्या एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की अख्खी रांग एका वेळी उठायची आणि बसायची. कोणाच्या अंगठ्या रुतल्या होत्या, कोणाचे पट्टे. बायका पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि आतले मोबाईल आतच वाजत होते. बाबर सर माईकपाशी आले, "रसिकहो" एवढं म्हणाले आणि श्वास संपला म्हणून बसले.

मी मांडीवर गिटार घेतली. खुंट्या फिरत नव्हत्या. दिवसभरात तारा आपल्या आपण चढत गेल्या होत्या, प्रत्येक वेगळी. मी सहाही तारा एकदा छेडल्या. हा मेळ मी कधी ऐकला नव्हता. त्यात माझ्या सरावातलं काहीच बसणार नव्हतं. मग मी सरावातलं काही वाजवायचंच नाही असं ठरवलं आणि सुरुवात केली.

पहिले सूर निघालेच नाहीत. मऊ बोटाने तार नीट दाबली जात नाही, ती कुजबुजते. दुसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं आणि त्याबरोबर अख्खी रांग हलली. मी जोरात दाबलं. तर्जनीची कातडी फाटली. इतक्या वर्षांत मी या हातांना खरचटूसुद्धा दिलं नव्हतं, त्यामुळे शिकताना भोगलेलं हे दुखणं मला परत नवीन होतं. मी त्याच्याकडे नव्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं आणि बोट पुढच्या पडद्यावर, गिटारच्या मानेवरच्या पुढच्या धातूच्या पट्टीवर, नेलं.

"थांबू नको," पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या.

फोड आले. महिन्यांनी यायचे ते त्या एका लयीत आले, फुटले, सुकले. मग तर्जनीखाली काहीतरी टणक झालं, आणि सूर वाजला. स्वच्छ, गोल, हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येणारा.

खट्.

कोणाची तरी पर्स उघडली होती.

मी मधलं बोट दाबलं. बाबर सरांच्या कॉलरचं बटण उडालं, त्यांच्या डोक्यावरून जाऊन पंख्याला लागलं. सरांनी जो श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. पट्टे सुटले, चपलांचे बंद सुटले, बायकांचे अंबाडे पाठीवर मोकळे झाले. खुर्च्या एकेक करून बाजूला सरकल्या आणि माणसांना आपापले गुडघे परत मिळाले. मुख्य दाराच्या दोन्ही फळ्या एकदम बाहेर गेल्या. बाहेर रस्ता रुंद होत होता. अडकलेली एस. टी. हॉर्न वाजवत निघून गेली.

अक्कांचे हात मात्र तसेच होते. वर धरलेले, आता जवळजवळ काळे.

मी त्यांच्याकडे बघून वाजवायला लागले. आता अनामिका. या बोटाने मी नेहमी कमी काम घेते, ते आळशी आहे. मी त्याला वरच्या पडद्यांवर नेलं, जिथे तारा सर्वात जास्त ताणलेल्या होत्या, आणि तिथे धरून ठेवलं. माझ्या बोटाचं रक्त तारेवरून ओघळून लाकडावर आलं. उजव्या हाताचं एक नख मोडून प्रेक्षकांत गेलं. मी बोट सोडलं नाही.

"वाजव!"

हा आवाज कोणाचा ते मला आधी कळलं नाही. विश्राम खुर्चीवर उभा होता. त्याचे ओठ सुटले होते आणि तो ओरडत होता. आमच्या लग्नाच्या वरातीतही तो ओरडला नव्हता. "वाजव, ऋता! वाजव!"

अक्कांच्या उजव्या हातातली पाटली फिरली. एक फेरा, मग आणखी एक. ती सैल होत गेली, कोपरापर्यंत घरंगळली, परत आली आणि मनगटावरून निसटून जमिनीवर पडली. ती कडेवर गोल गोल धावत स्टेजपर्यंत आली. तिच्यामागून दुसरी. अक्कांनी दोन्ही पंजे डोळ्यांसमोर धरले, बोटं उघडली, मिटली, उघडली. काळा रंग उतरला, मग जांभळा, मग त्यांचा नेहमीचा गव्हाळ आला. त्यांनी टाळी वाजवली. एकच. ती इतकी जोरात होती की छतावरचे पारवे उडाले.

मग सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. लोक बाकीचं उघडून बघत होते. छत्र्या उघडल्या, चष्म्यांची घरं, पाण्याच्या बाटल्या. एका म्हाताऱ्याने डबा उघडला आणि आजूबाजूच्यांना चकल्या वाटल्या. रस्त्यापलीकडे सगळ्या घरांच्या खिडक्या उघडत गेल्या, एकीपाठोपाठ एक, पार नदीच्या घाटापर्यंत. मी उठून वाकले. माझ्या तीन बोटांवर नवे घट्टे होते. जुन्यांपेक्षा जाड, आणि ते माझेच होते.

टाळ्या चालू असताना एक बाई मधल्या वाटेने पुढे आली. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. ती स्टेजपाशी थांबली आणि मुलाचा हात उचलून मला दाखवला. मूठ मिटलेली होती.

"सुटेल थोड्या वेळात," मी म्हणाले. "सगळ्यांचं सुटलंय."

"हे आजचं नाही," बाई म्हणाली. "जन्मल्यापासून अशीच आहे. आत काय आहे, आम्ही कोणी पाहिलेलं नाही."

टाळ्या थांबल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मॅडम," बाबर सर हळूच म्हणाले. "राहू द्या."

"उघडू दे," अक्का म्हणाल्या.

मी पुन्हा बसले. मूल माझ्याकडे बघत होतं. मी तर्जनीने सूर लावला, आणि मुलाचं पहिलं बोट उचललं गेलं. मग मधलं. मग अनामिका. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. दारातून रस्त्यावरची माणसं आत आली, त्यांच्यामागून घाटावरची, ओल्या पायांनी. मुलाच्या मुठीतून, उरलेल्या दोन बोटांच्या फटीतून, उजेडाची बारीक रेघ माझ्या मांडीवर पडली होती आणि ती गरम होती.

माझी करंगळी अजून मऊ होती. मी ती सर्वात बारीक तारेवर ठेवली, आणि दाबली.