बिनमिठाची भाकर

वाचता वाचता यशोधरा थांबली. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकातली ती ओळ तिने मनाशी पुन्हा वाचली आणि सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई, देवाला वाहायच्या पिठात मीठ घालायला सांगितलंय इथं. दर वेळी. तुमी तर घालत न्हाई."

बनुबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या सरळ बसल्या.

"परत वाच."

राहात्याजवळच्या त्या गावात चर्चच्या प्रभुभोजनाची, महिन्यातून एकदा येशूच्या आठवणीत सगळ्यांनी तुकडा तुकडा खायची भाकर बनुबाईच करत. त्यांच्या सासूने, रंगुबाईने, लग्नानंतर लगेच शिकवलं होतं. गहू बोटांनी निवडायचे. परात वेगळी ठेवायची. मळताना बोलायचं नाही. मीठ घालायचं नाही. करपलेली भाकर कुणाच्या ताटात जाऊ द्यायची नाही, चुलीत घालायची. बनुबाईंनी यातलं काही कधी चुकवलं नव्हतं, आणि का म्हणून विचारलंही नव्हतं.

विचारत होती ती यशोधरा. बनुबाईंचा मुलगा मच्छिंद्र नगरजवळ नागापूरच्या कारखान्यात होता. त्याने १९९४ साली तिला लग्न करून घरी आणलं. माहेर बौद्ध. तिने बाप्तिस्मा घेतला नव्हता आणि घरात कुणी आग्रहही धरला नव्हता. चर्चमध्ये ती मागे बसे. बाप्तिस्मा नसल्यामुळे भाकरीचं ताट तिच्यापर्यंत येत नसे. पण बनुबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं, आणि वाचताना तिला प्रश्न पडत. याजकाच्या झग्याच्या घेराला निळी-जांभळी डाळिंबं कशाला? घेर कोण बघतं?

"देव बघतो," बनुबाईंनी सांगितलं होतं. "त्यानंच सांगितलीत ती. शिंप्याच्या मनानं न्हाई लावली."

आता तेच उत्तर त्यांच्यावर उलटलं होतं.

मच्छिंद्र सुट्टीला आला तेव्हा हसला. इतकी वर्षं कुणाचं पोट दुखलं का, म्हणाला. बनुबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि चर्चच्या पाळकांकडे गेल्या. पाळकांनी नीट समजावलं. ते नियम जुन्या वेदीचे. प्रभूच्या मेजाला, म्हणजे प्रभुभोजनाला, ते लागू नाहीत. मीठ घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं.

घरी येऊन त्या उंबऱ्यातच बसल्या.

"चालतं म्हनले. डाळिंबाचा रंग सांगनारा देव, आन मिठाचं त्याला कसंबी चालतं?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी केलेल्या भाकरी त्यानं घेतल्या का न्हाई, यशोधरे?"

आपण ती ओळ वाचलीच नसती तर बरं, असं यशोधराला वाटलं.

शनिवारी संध्याकाळी बनुबाईंनी परात घेतली. मिठाचा डबा जवळ ओढला, चिमूट उचलली आणि पिठात सोडली. मळताना नेहमीसारख्याच गप्प होत्या.

रविवारी ताट फिरलं. सगळ्यांनी तुकडे घेतले. कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. यशोधरा मागून सासूच्या तोंडाकडे बघत होती. बनुबाईंचे जबडे हलायचे थांबले. मग सावकाश पुन्हा हलू लागले.

घरी येईपर्यंत यशोधराने धीर धरला.

"कशी लागली?"

"घरच्यासारकी," बनुबाई म्हणाल्या. "आपन रोज खातो तशी. भूक लागल्यावर खातो तशी. बिनमिठाची तशी लागत न्हाई. तोंडात घेतली की कळतं, ही जेवनाची न्हाई. आमच्या सासूबाईंच्या मनात हेच हुतं का काय, कुनाला ठावं. मी कधी इचारलंच न्हाई."

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी त्या दारात उजेडाला गहू निवडत बसल्या. खडे दिसत नव्हते. बोटांना लागत होते. यशोधरा मिठाचा डबा घेऊन आली.

"घालायचं का?"

बनुबाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

"डबा राहू दे हितंच. पुस्तक आन," त्या म्हणाल्या. "वाच पुढं. मीठ का सांगितलंय, ते बघू."