पिठाच्या रांजणातली कनानी बाई

मी मातीची बाई बोलतेय. वीतभर उंची, खांबासारखं धड, आणि साच्यात दाबून काढलेलं हसू. माझं हसू दाबताना जरा वाकडं झालं.

सपाटीवरच्या कनानी कुंभारणीकडून हमूटलच्या आईनं मला घेतलं. लेक डोंगरावर इस्राएली घरात दिली, तेव्हा मला शालीत गुंडाळून तिच्या गाठोड्यात घातलं. "बाळंतपणात उशाशी ठेव," म्हणाली, "आणि सासूला दाखवू नकोस."

हमूटलनं मला जवाच्या पिठात पुरलं. रोज पीठ काढताना ती मला शोधायची, पदरानं माझं तोंड पुसायची आणि सगळं सांगायची. सासूचे टोमणे, नवऱ्याचं घोरणं. दिवस गेल्याचं तर नवऱ्याआधी मला कळलं. ती माझी होती.

मग एक लेवी आला, त्यांच्या देवाचा सेवक. आमच्याच अंगणात बसून, आमचीच भाकरी खात म्हणाला, "मिसरात मूर्ती पुजत होतात तसं करू नका. कनानात करतात तसंही नको. आपला देव ईर्ष्यावान आहे."

ते ऐकून मला त्या देवाबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

"त्याचा चेहरा कसा असतो?" हमूटलनं हळूच विचारलं.

"चेहरा नसतो, पोरी."

"मग पुसायचं काय?"

"पुसायला घरात भांडी कमी आहेत का?" सासू सिब्या कडाडली.

त्यानंतर हमूटलचा हात पिठात यायचा, पण तोंड भलतीकडे. रिकाम्या कोपऱ्याशी पुटपुटायची. मला रंगवलेले कान आहेत, त्याला तेही नाहीत! पिठाला अळ्या पडोत असं मी मनात म्हटलं. पडल्या नाहीत.

एके सकाळी पिठात भलताच हात आला. सिब्यानं मला मानेला धरून वर काढलं. "सुने, ही कोण बया माझ्या पिठात अंघोळ करतेय?"

हमूटल पांढरीफटक पडली. पण सिब्याचा हात वर गेला तसा तिच्याच कमरेला बांधलेला निळ्या डोळ्याचा मिसरी ताईत बाहेर लोंबला.

"आणि हे हो काय, सासूबाई?"

"हे होय? हे... पाठदुखीवर आहे."

दोघी एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. सिब्यानं मला सुनेच्या हाती दिलं. "पहिली खेप आहे तुझी. राहू दे. मी काही बघितलं नाही."

जिंकले, असं मला वाटलं.

हमूटल मला घेऊन उंबऱ्याशी बसली. माझं तोंड पुसलं, अगदी कानांच्या मागेसुद्धा. "सासूबाई, ह्यांनी दुसरी आणली तर मला चालेल का? मग त्या देवाला कशी चालेल?" आणि रडत रडत तिनं माझी मान दगडावर मोडली.

सिब्या बघत राहिली. ताईत तेवढा तिनं आत खोचला.

आता मी घरामागच्या राखेत आहे. डोकं इथं, धड पलीकडे. तिच्या कळा मी इथूनच ऐकल्या. माझ्याशिवाय ती जगू नये असं वाटलं, आणि जगावी असंही. ती ओरडत होती ते त्या देवाच्या नावानं. मग बाळ रडलं, आणि सिब्या म्हणाली, "मीठ आणा गं, अंगाला चोळायला. मायलेकी खुशाल आहेत!"

राख टाकायला याल तेव्हा माझं तोंड तेवढं घराकडे वळवा. बाकी काही मागणं नाही. त्या बिनचेहऱ्याच्यासाठी तिनं मला मोडलं. माझ्यासाठी आजवर कुणी साधं मडकंसुद्धा फोडलेलं नाही.