रिकाम्या खुर्चीचे फोटो

ऐकताय ना? मी एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक बोलतोय. माझा पंखा घरघरतो, म्हाताऱ्याच्या छातीसारखा. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

मला इथे आणलं तेव्हा मालकांचे केस काळे होते. गिऱ्हाईक बसवण्याआधी उजेड बघायला ते एक फोटो काढत. त्यासाठी खुर्चीत बसायची त्यांची बायको. ओले हात पुसत यायची आणि म्हणायची, "काढा लवकर, दूध उतू जाईल." फोटो माझ्यात यायचा, मालक उजेड बघायचे आणि लगेच पुसून टाकायचे. उगाच जागा अडू नये, हा त्यांचा नियम.

एके दिवशी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर एकही नाही. लग्नातले होते, ते ओलीनं एकमेकांना चिकटून गेलेले. सगळ्या गावाचे चेहरे माझ्या पोटात, आणि तिचाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यानंतर मालक रिकाम्या खुर्चीवरच उजेड बघू लागले. ते फोटो मात्र त्यांनी कधी पुसले नाहीत.

पुढे माझ्यात फोटोंची एवढी गर्दी झाली, की कुणी जुना फोटो मागितला तर शोधताना नाकी नऊ यायचे. मालकांच्या लेकीनं, म्हणजे ताईनं, ठरवलं की आता डेटाबेसचं चांगलं सॉफ्टवेअर घ्यायचं. डेटाबेस म्हणजे काय, तर फोटोंचं शहाणं कपाट. मागाल तो फोटो हातात देणारं. दोन सॉफ्टवेअर आधी वापरून बघायला आणली.

पहिलं जावईबापूंच्या पसंतीचं, स्वस्त आणि झपाट्याचं. त्यानं सारखे दिसणारे फोटो गोळा केले आणि विचारलं, पुसून टाकू?

जावई हसले. "बाबा, निम्म्या तर खुर्च्याच आहेत! फर्निचरचं दुकान काढायचंय का?"

"राहू द्या," मालक म्हणाले.

"अहो, पण रिकाम्या खुर्चीचं करायचंय काय?"

मालक चष्मा पुसत बसले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "थांबा हो जरा. दुसरं बघू, मग ठरवू."

दुसरं चेहरे ओळखणारं होतं. चेहरा दिसला की भोवती चौकट काढायचं, नाव विचारायचं आणि त्या माणसाचे सगळे फोटो एकत्र लावायचं. नवरा-नवरी आले, शाळेचे वर्ग आले, भराभर चौकटी पडल्या. मग खुर्च्या आल्या.

रिकाम्या खुर्चीवर चौकट पडली. पाठीच्या जरा वर, बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथं. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्याही. माझा पंखा क्षणभर थांबला. पडद्यावर लिहून आलं: ही सगळी एकच व्यक्ती. नाव काय?

"बिघाड आहे," जावई म्हणाले. "मागच्या कापडाची सुरकुती असेल."

"कापड तर मध्ये कितीदा बदललं," ताई पुटपुटली.

मालक पुढे सरकले. "लिही. तुझ्या आईचं नाव लिही."

"बाबा, तुम्हाला दिसायची?"

"नाही गं. पण उजेड बघताना तिथं रिकामं कधी वाटलंच नाही."

ताईनं नाव लिहिलं. घेतलं ते दुसरंच सॉफ्टवेअर. जावयांनी किमतीबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच संध्याकाळी ताईनं बाबांना खिडकीपाशी उभं करून त्यांचे भरपूर फोटो काढले, नावासकट लावून ठेवले. शहाणी पोर.

या थंडीत मालकही गेले. आता स्टुडिओ ताई बघते. काल तिनं पहिल्यांदाच एकटीनं उजेड बघायला खुर्चीचा फोटो काढला. माझ्या पडद्यावर दोन चौकटी पडल्या. एक नेहमीची, खुर्चीवर. दुसरी खुर्चीच्या मागे, उभ्या माणसाच्या उंचीवर.

या वेळी नाव विचारलं नाही. आपणहून लिहिलं.

ताईनं ते नाव वाचलं. मग डोळे पुसत म्हणाली, "उजेड बरोबर आहे ना, बाबा?"

माझ्या पोटातलं सगळं आता नव्या संगणकात गेलंय. आज मला भंगारात देतील. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, नेण्याआधी माझाही एक फोटो काढा. खुर्चीवर नका ठेवू, तिथं ती बसलीय. शेजारी ठेवा. आणि जागा अडली तरी पुसू नका.